कोणाच्या तबकड्या घ्याव्यात? ध्वनीच्या कसोटीवर काही रेकॉर्ड कंपन्या

लॉंगप्ले तबकड्या जमवणाऱ्यांमध्ये एक प्रश्न हमखास विचारला जातो, तो म्हणजे कोणत्या कंपनीच्या तबकड्या सर्वांत चांगल्या वाजतात. प्रश्न रास्त आहे, कारण परदेशातून मागवलेली एक नवी तबकडी आज काही हजार रुपयांना पडते आणि ती घरी येऊन सुई टेकेपर्यंत तिच्या ध्वनीचा अंदाज येत नाही. मात्र एखादे नाव सांगून या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. कंपनीच्या एका नावाखाली तीन निरनिराळ्या लोकांची कामे एकत्र आलेली असतात: मूळ ध्वनिमुद्रण कोणी आणि कोठे केले, त्या टेपवरून तबकडी कोणी कापली, आणि तिच्या प्रती कोणत्या कारखान्यात निघाल्या. माझे ठाम मत असे आहे की ज्या कंपन्या या तिन्ही प्रश्नांची उत्तरे कव्हरवर किंवा तबकडीवरच उघडपणे देतात, त्यांच्यावर पैसे खर्च करावेत. जिथे काम करणाऱ्याचे नाव लिहिले जाते तिथे काम जपून होते, असा अनुभव या क्षेत्रात पुन्हा पुन्हा येतो.

या तीन कामांपैकी मधले काम ऐकणाऱ्याला सहसा ठाऊक नसते, म्हणून त्याविषयी थोडे सांगायला हवे. टेपवरचा ध्वनी कटिंग लेथवर, लॅकरचा थर दिलेल्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर, खाचेच्या रूपाने कोरला जातो. त्या लॅकरवर निकेलचा मुलामा चढवून तो सोलून काढला की उलटा साचा मिळतो, त्यापासून सुलटा आणि सुलट्यापासून पुन्हा उलटा असे साचे बनतात आणि शेवटच्या साच्यांमध्ये तापवलेले व्हिनाइल दाबले की तबकडी तयार होते. खाच किती रुंद ठेवायची, खर्ज किती येऊ द्यायचा, टोकदार स्वर कोठे आवरायचे, हे सर्व निर्णय कटिंग इंजिनिअर घेतो. एकाच टेपवरून दोन व्यक्तींनी कापलेल्या तबकड्या दोन वेगळ्या मैफली वाटाव्यात इतका फरक त्यामुळे पडतो. शेवटच्या खाचेपासून लेबलपर्यंत जी कोरी गुळगुळीत पट्टी असते, तिच्यावर हाताने कोरलेली किंवा ठशाने उमटवलेली बारीक अक्षरे असतात. जुनी तबकडी विकत घेताना कव्हरच्या आधी ही पट्टी उजेडात तिरकी धरून वाचावी.

या पट्टीचे महत्त्व सर्वांत स्पष्ट कळते ते ब्लू नोट या अमेरिकन जॅझ कंपनीच्या बाबतीत. १९३९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या या कंपनीचा ध्वनी म्हणून आपण जे ओळखतो, तो मुख्यतः रूडी व्हॅन गेल्डर या एका माणसाचा ध्वनी आहे. डोळे तपासून चष्म्याचा नंबर देणे हा त्यांचा पेशा होता आणि न्यू जर्सीतील हॅकेन्सॅक येथे आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात ते ध्वनिमुद्रण करत. ब्लू नोटसाठी ते १९५३ पासून काम करू लागले आणि १९५९ मध्ये एंगलवुड क्लिफ्स येथे त्यांनी उंच लाकडी छताचा स्वतःचा स्टुडिओ उभारला. विशेष म्हणजे ध्वनिमुद्रण करणारा आणि लॅकर कापणारा माणूस इथे एकच होता. त्यामुळे जुन्या ब्लू नोटच्या कोऱ्या पट्टीवर ‘आरव्हीजी’ किंवा ‘व्हॅन गेल्डर’ असा ठसा दिसतो आणि त्याच्या शेजारी, प्लॅस्टिलाइट या कारखान्याचे, कानाच्या आकाराचे वाटणारे इंग्रजी ‘पी’ अक्षर दिसते. १९६६ च्या सुमारास कंपनी लिबर्टी या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीकडे गेल्यानंतर ते ‘पी’ नाहीसे झाले आणि संग्राहकांनी तेथे एक रेघ आखली.

या मूळ तबकड्यांवर ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन यांचा ध्वनी खोलीत माणूस उभा राहून वाजवतो आहे इतका समोर येतो, आणि आर्ट ब्लेकी यांच्या झांजांचा स्पर्श ऐकताना धातूची जाडी जाणवते. पियानो मात्र व्हॅन गेल्डर यांच्या मुद्रणात अनेकदा पेटीत कोंडल्यासारखा आणि बुजरा वाटतो, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करायला हरकत नाही. त्या काळच्या साध्या प्लेअरवर सुई उडू नये म्हणून कापताना खर्जही आवरलेला असे. शिवाय या मूळ प्रतींच्या किमती आता सामान्य श्रोत्याच्या आवाक्याबाहेर गेल्या आहेत. म्हणून त्यांची शिफारस मी करत नाही.

शिफारस करतो ती ब्लू नोटच्याच ‘टोन पोएट’ मालिकेची. कंपनीच्या ८० व्या वर्षी, २०१९ मध्ये, ही मालिका सुरू झाली. तिचे निर्माते जो हार्ली आहेत, ‘टोन पोएट’ हे त्यांना सॅक्सोफोनवादक चार्ल्स लॉइड यांनी दिलेले टोपणनाव आहे. मूळ टेपवरून, मध्ये कोणताही डिजिटल टप्पा न ठेवता, लॅकर कापण्याचे काम केव्हिन ग्रे करतात, आणि प्रती कॅलिफोर्नियातील कॅमारिलो येथील आरटीआय या कारखान्यात निघतात. हे सारे कंपनी स्वतःहून सांगते. जाड घडीचे कव्हर उघडले की आत ब्लू नोटचे छायाचित्रकार फ्रान्सिस वुल्फ यांनी त्या त्या मुद्रणाच्या वेळी काढलेली छायाचित्रे दिसतात. ध्वनीबाबत सांगायचे तर डबल बासची तार इथे पहिल्यांदा पूर्ण ऐकू येते. मूळ प्रतीत जो खर्ज आवरून धरला होता तो टेपवर होताच, आणि आजच्या सुया तो सहज पेलू शकतात हे ओळखून ग्रे यांनी तो मोकळा सोडला आहे. झांजांची धार मूळ प्रतीपेक्षा किंचित कमी वाटते, काहींना ती खटकते. मला ती अधिक नैसर्गिक वाटते. पृष्ठभाग इतका शांत असतो की मंद गतीच्या गाण्यांत ब्रशने वाजवलेल्या ड्रमची घसट आणि खोलीची हवा वेगवेगळी ओळखता येते.

ज्यांना टोन पोएटची किंमत जड वाटते त्यांनी त्याच कंपनीची ‘क्लासिक व्हिनाइल’ मालिका घ्यावी. कापणारा माणूस तोच, केव्हिन ग्रे. प्रेसिंग, म्हणजे प्रती दाबण्याचे काम, जर्मनीतील ऑप्टिमल या कारखान्यात होते आणि कव्हर साधे असते. दोन्ही मालिकांतील ध्वनीचे अंतर किमतीतील अंतराइतके नाही, म्हणून जॅझ नव्याने ऐकू लागलेल्याने येथूनच सुरुवात करावी असे मी आग्रहाने सांगेन.

पाश्चात्त्य अभिजात संगीतासाठी माझा कौल ब्रिटनच्या डेक्काला आहे, आणि हा कौल मी कोणत्याही संकोचाशिवाय देतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि जर्मन पाणबुड्यांच्या आवाजातील सूक्ष्म फरक ओळखायला शिकवण्यासाठी हवाई दलाला अधिक अचूक ध्वनिमुद्रिका हव्या होत्या, आणि त्या गरजेतून आर्थर हॅडी यांनी जी पद्धत विकसित केली तीच पुढे ‘एफएफआरआर’ (‘फुल फ्रीक्वेन्सी रेंज रेकॉर्डिंग’) या नावाने डेक्काच्या लेबलवर आली. १९५४ मध्ये हॅडी आणि रॉय वॉलेस यांनी तीन मायक्रोफोन वाद्यवृंदासमोर उंचावर त्रिकोणात टांगण्याची जी रचना केली, ती ‘डेक्का ट्री’ म्हणून आजही जगभर वापरली जाते. १९५८ पासून निघालेल्या ‘एसएक्सएल’ क्रमांकाच्या स्टिरिओ तबकड्यांमध्ये या रचनेचे फळ ऐकायला मिळते. व्हायोलिनचा ताफा डावीकडून मध्यापर्यंत पसरलेला असतो, त्यामागे लाकडी सुषिर वाद्ये आणि त्याही मागे, निश्चित अंतरावर, पितळी वाद्ये आणि टिंपनी बसलेली असतात. ही खोली हेच डेक्काचे वैशिष्ट्य आहे, आणि स्पीकरच्या मागची भिंत नाहीशी झाल्याचा भास तिच्यामुळे होतो.

त्यातही केनेथ विल्किन्सन यांनी लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये केलेली मुद्रणे सर्वांत वरची. या सभागृहाखालून भुयारी रेल्वे जात असे आणि अनेक तबकड्यांवरील शांत जागी तिची दूरची घरघर आजही ऐकू येते. चांगल्या प्लेअरवर ती घरघर स्पष्ट ओळखता आली तर आपली यंत्रणा खर्जाला न्याय देते आहे असे समजावे. व्हिएन्नाच्या सोफिएनझाल या सभागृहात निर्माते जॉन कल्शॉ यांनी १९५८ ते १९६५ या काळात संगीत दिग्दर्शक (कंडक्टर) गिऑर्ग शोल्टी यांच्याकडून करून घेतलेले वाग्नरच्या चार संगीतिकांचे ध्वनिमुद्रण हा तर या कलेतील एक स्वतंत्र अध्यायच आहे. ते घेणाऱ्याने वेळ आणि जागा दोन्हींची तयारी ठेवावी.

डेक्काच्या कोऱ्या पट्टीसारखी बोलकी पट्टी क्वचितच दुसऱ्या कोणाची असेल. स्टिरिओ तबकडीवर ‘झेडएएल’ने सुरू होणारा क्रमांक, त्यानंतर कितव्यांदा कापली याचा आकडा आणि लगेच एक अक्षर असते. ते अक्षर म्हणजे कापणाऱ्या इंजिनिअरची खूण. त्याशिवाय कितव्या साच्याची प्रत आहे हे सांगण्यासाठी कंपनी ‘बकिंगहॅम’ या नावातील दहा इंग्रजी अक्षरे एक ते नऊ आणि शून्य अशी आकड्यांसारखी वापरत असे, म्हणजे एकटे ‘बी’ अक्षर दिसले तर ती प्रत पहिल्या साच्याची. ईएमआय या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीने याच कामासाठी ‘ग्रामोफोन लिमिटेड’ या इंग्रजी नावातून ‘जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी’ ही दहा अक्षरे घेतली होती. हे वाचायला शिकलेला ग्राहक दुकानदाराच्या शब्दावर अवलंबून राहत नाही, आणि माझ्या मते हेच त्याचे खरे भांडवल आहे.

१९७० च्या आसपासपर्यंतच्या, लेबलवर रुंद चंदेरी पट्टा असलेल्या प्रती महाग मिळतात. १९७० च्या दशकातील अरुंद पट्ट्याच्या प्रती बऱ्याच स्वस्त असतात आणि अनेकदा त्याच मूळ साच्यांपासून निघालेल्या असतात. १९८० मध्ये डेक्का पॉलिग्रामकडे गेली आणि लवकरच प्रेसिंग नेदरलँड्समध्ये होऊ लागले. त्या डच प्रती पृष्ठभागाने शांत आहेत, पण ध्वनीचा भरदारपणा त्यांत थोडा कमी भासतो. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी एक उपयुक्त गोष्ट अशी की ‘डेक्का’ हे नाव तेथे दुसऱ्या कंपनीकडे असल्यामुळे हीच मुद्रणे ‘लंडन’ या नावाने विकली गेली. निळ्या रंगाच्या पाठीचे ‘सीएस’ क्रमांकाचे जुने लंडन कव्हर दिसले तर आतली तबकडी इंग्लंडमध्येच दाबलेली असते. नाव वेगळे म्हणून तिची किंमत कमी असते, ध्वनी मात्र तोच. ब्रिटनमधील वाचकांनी जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानांत ‘एस ऑफ डायमंड्स’ ही डेक्काचीच स्वस्त मालिका शोधावी.

अमेरिकेच्या आरसीए कंपनीची ‘लिव्हिंग स्टिरिओ’ आणि मर्क्युरीची ‘लिव्हिंग प्रेझेन्स’ या दोन मालिकांचा उल्लेख टाळणे अन्यायाचे होईल. आरसीएने मार्च १९५४ मध्येच शिकागोच्या ऑर्केस्ट्रा हॉलमध्ये फ्रिट्झ रायनर यांचे स्टिरिओ मुद्रण केले होते, आणि लुइस लेटन यांनी पकडलेली तेथील तंतुवाद्यांची ऊब अजूनही लाजवाब वाटते. कोरी पट्टी वाचणाऱ्याला आरसीएच्या तबकडीवर कारखान्याचे अक्षरही सापडते, ‘आय’ म्हणजे इंडियानापोलिस, ‘आर’ म्हणजे रॉकवे आणि ‘एच’ म्हणजे हॉलिवूड. मर्क्युरीचे रॉबर्ट फाइन यांनी आधी एकच आणि पुढे स्टिरिओसाठी केवळ तीन मायक्रोफोन वापरून संपूर्ण वाद्यवृंद टिपला. मुद्रणानंतर काहीही दुरुस्त करायला वाव न ठेवणारी ही पद्धत अंतोल दोराती यांच्या तालबद्ध दिग्दर्शनाला शोभून दिसते. १९६१ पासून काही मुद्रणे त्यांनी चित्रपटाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर केली. मर्क्युरीच्या जुन्या प्रतींचा पृष्ठभाग मात्र बराच खरखरीत असतो, त्यामुळे येथे मी मूळ प्रतीचा हट्ट सोडून स्पीकर्स कॉर्नर या जर्मन कंपनीच्या पुनर्मुद्रणांकडे वळतो.

स्पीकर्स कॉर्नर ही लहान कंपनी १९९० च्या दशकापासून डेक्का, मर्क्युरी, व्हर्व अशा कंपन्यांच्या जुन्या तबकड्या पुन्हा काढते आहे. टेपपासून लॅकरपर्यंत संपूर्ण ॲनालॉग प्रक्रिया आणि डीपहोल्ट्स येथील पालास कारखान्यातील प्रेसिंग हे तिचे दोन नियम आहेत. मूळ कव्हर आणि मूळ लेबल ती जशीच्या तशी छापते, स्वतःची कोणतीही कलाकुसर त्यात मिसळत नाही, आणि कापतानाही हीच नम्रता ठेवते. तिच्या तबकडीत चमकदार असे काही नसते. ती मध्यम आवाजात लावून तासन् तास ऐकता येते, आणि तबकडीकडून माझी अपेक्षा नेमकी तीच आहे.

याउलट अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील सलाइना या गावची ॲनालॉग प्रॉडक्शन्स ही कंपनी अव्वल दर्जाचा आग्रह शेवटच्या टोकापर्यंत नेते. तिचे संस्थापक चॅड कॅसेम यांनी बाहेरच्या कारखान्यांवर अवलंबून राहण्याऐवजी २०११ मध्ये क्वालिटी रेकॉर्ड प्रेसिंग्ज हा स्वतःचा कारखाना त्याच गावात सुरू केला. तेथून निघणाऱ्या तबकड्यांचा सपाटपणा, मध्यभागी नेमके पडलेले छिद्र आणि पृष्ठभागाची शांतता यांना आज क्वचितच तोड सापडते. छिद्र केसभर जरी बाजूला गेले तरी पियानोचा लांबलेला स्वर हेलकावे खाऊ लागतो. आपल्याकडच्या श्रोत्याला, ज्याचा कान तंबोऱ्यावर तयार झालेला असतो, हा दोष सर्वांत आधी जाणवतो.

या कंपनीने एका लॉंगप्लेचा मजकूर दोन तबकड्यांवर पसरून ४५ फेऱ्यांच्या गतीने कापण्याची पद्धत लोकप्रिय केली, आणि तिचे कारण साध्या गणितात आहे. मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेऱ्या घेणाऱ्या तबकडीच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने सरकते, तर आतल्या शेवटच्या खाचेत हाच वेग सुमारे २१ सेंटिमीटर उरतो. तेवढाच ध्वनी निम्म्याहून कमी लांबीत कोंबावा लागतो, म्हणून बाजू संपत आली की आवाज दाटतो आणि ‘स’, ‘श’ फाटू लागतात. ४५ च्या गतीला आतल्या खाचेतही सुमारे २८ सेंटिमीटर वेग मिळतो, आणि बाजू छोटी ठेवली तर त्या आतल्या भागात जाण्याची वेळच येत नाही. दर दहा-बारा मिनिटांनी उठून बाजू बदलावी लागते ही त्याची किंमत आहे. लहान लहान गाण्यांच्या तबकडीला ती परवडते, सलग ऐकायच्या रचनेत मात्र रसभंग होतो.

मोबाइल फिडेलिटी या १९७७ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीविषयी मते तीव्र आहेत, आणि ती का तीव्र आहेत हे समजून घेण्यासारखे आहे. मूळ टेप आणि लेथ दोन्ही अर्ध्या गतीने चालवून कापण्याच्या पद्धतीसाठी ही कंपनी प्रसिद्ध झाली. सुरुवातीच्या काळात तिच्या तबकड्या जपानमध्ये जेव्हीसीच्या कारखान्यात दाबल्या जात आणि त्यांची शांतता त्या काळी चकित करणारी होती. २०२२ मध्ये मात्र असे उघड झाले की तिच्या अनेक महागड्या पुनर्मुद्रणांत टेप आणि लॅकर यांच्या मध्ये डीएसडी हा डिजिटल टप्पा कित्येक वर्षांपासून वापरला जात होता, आणि ग्राहकांना ते सांगितलेले नव्हते. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. त्या तबकड्या वाईट वाजत नव्हत्या. ज्यांनी आयुष्यभर कान तयार केले अशा अनेकांनी त्यांची स्तुती केली होती आणि ती स्तुती आजही खोटी ठरत नाही. पण ग्राहकाने ज्या गोष्टीसाठी जास्त पैसे मोजले ती गोष्ट त्याच्यापासून लपवली गेली, आणि तो विश्वासाचा प्रश्न होता. त्यानंतर ही कंपनी प्रत्येक तबकडीसोबत मूळ टेपपासूनचे टप्पे जाहीर करू लागली, हा बदल मला मनापासून स्वागतार्ह वाटतो. आता तिची तबकडी घ्यायला हरकत नाही, वर्णन मात्र नीट वाचून घ्यावी.

म्युनिकमध्ये १९६९ पासून मानफ्रेड आयशर चालवत असलेली ईसीएम ही कंपनी या यादीत थोडी वेगळी बसते, कारण तिची ख्याती जुन्या टेपांच्या पुनर्मुद्रणावर नसून मूळ मुद्रणांवर उभी आहे. ओस्लोतील यान एरिक कॉंग्सहाउग यांनी मुद्रित केलेल्या तिच्या तबकड्यांत स्वर संपल्यावर त्याचे विरत जाणे जितके स्पष्ट ऐकू येते तितके इतरत्र क्वचित येते. काहींना हा ध्वनी थंड आणि दूरचा वाटतो. ब्लू नोटच्या लगटीची सवय असलेल्याला तो तसा वाटणारच. मात्र झाकीर हुसेन यांची १९८७ ची, हरिप्रसाद चौरसिया, जॉन मॅक्लॉफ्लिन आणि यान गार्बारेक यांच्यासोबतची तबकडी ऐकली तर बासरीतील श्वास आणि डग्ग्याची घुमार या दोन्हींना भोवती पुरेशी जागा मिळाल्यावर काय घडते ते कळते. जुन्या जर्मन प्रती अजूनही वाजवी भावात मिळतात आणि बहुधा जपून वापरलेल्या असतात.

आता आपल्या घरच्या तबकड्यांकडे वळू. भारतात ग्रामोफोन कंपनीचा दमदम येथील कारखाना १९२८ पासून सुरू होता आणि हिंदुस्थानी संगीताच्या बहुतेक महत्त्वाच्या लॉंगप्ले एचएमव्हीच्या नावाने तेथूनच निघाल्या. या तबकड्यांचे क्रमांकही वाचण्यासारखे आहेत: ‘ईएएलपी’ आणि ‘ईसीएलपी’ म्हणजे मोनो, ‘ईएएसडी’ आणि ‘ईसीएसडी’ म्हणजे स्टिरिओ. मुंबईत कंपनीच्या मुद्रणांची जबाबदारी सांभाळणारे जी. एन. जोशी हे स्वतः मराठी भावगीताच्या आरंभकाळातील गायक होते. १९६७ मध्ये शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा या तेव्हाच्या तरुण वादकांना एकत्र आणून त्यांनी जी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ घडवली, ती ध्वनीच्या दृष्टीनेही अभ्यासावी अशी आहे. संतूरच्या प्रत्येक आघाताची सुरुवात तीक्ष्ण आणि क्षणिक असते, आणि जुनी झालेली सुई किंवा झिजलेली खाच तेथे लगेच उघडी पडते. चांगल्या प्रतीत तो आघात टणक येतो आणि त्यामागची आस स्वच्छ राहते, गिटारची मींडही विरळ होत नाही. किशोरी आमोणकर यांच्या भूप आणि बागेश्रीच्या तबकडीत स्वर लावतानाचा जो अतिमंद आरंभ आहे, तो पृष्ठभाग शांत असलेल्या प्रतीवरच पुरता ऐकू येतो, त्यासाठी दोन पैसे जास्त मोजावेत.

अडचण आहे ती अशा प्रती मिळण्याची. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या तबकड्या सुईचा दांडा जड असलेल्या छोट्या सुटकेस-प्लेअरवर, गुळगुळीत झालेल्या सुईने वर्षानुवर्षे वाजल्या आहेत. पावसाळ्यातील दमट हवेत कागदी वेष्टणांना बुरशी लागते आणि ती तबकडीवर उतरते. बुरशी सौम्य धुलाईने निघते, झिजलेली खाच मात्र कशानेच भरून येत नाही. मुंबईच्या चोर बाजारात किंवा अन्यत्र जुनी तबकडी घेताना शेवटचा अर्धा इंच उजेडात पाहावा: काळी चमक जाऊन तेथे राखाडी झाक आली असेल तर प्रत सोडून द्यावी.

शेवटचाच भाग पाहण्याचे कारण आपल्या संगीताच्या रचनेत आहे. राग आलापाने सुरू होतो आणि बाजू संपत येते तेव्हा द्रुत, ताना किंवा वाद्यावरचा वेगवान ‘झाला’ येतो. म्हणजे सर्वांत दाट आणि वेगवान संगीत नेमके त्या आतल्या खाचांत जाते, जिथे सुईखालचा वेग सर्वांत कमी उरलेला असतो. त्यात बाजू २२-२३ मिनिटांची असेल तर जागा पुरवण्यासाठी आवाजाची पातळीही खाली ठेवावी लागते. कनॉइझर सोसायटी या अमेरिकन कंपनीने ही अडचण फार पूर्वी ओळखली होती आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी अली अकबर खाँ यांचे सरोदवादन बारा इंची तबकडीवर ४५ च्या गतीने काढले होते. त्या तबकड्यांत सरोदच्या झाल्याला शेवटपर्यंत जो मोकळेपणा मिळाला आहे, तो ऐकला की हाच मार्ग आपल्याकडे का अनुसरला गेला नाही याची हळहळ वाटते. सांता बार्बराच्या वॉटर लिली अकूस्टिक्सचाही येथे आदराने उल्लेख करायला हवा. कविचंद्रन अलेक्झांडर यांनी चर्चच्या सभागृहात, मोजक्या मायक्रोफोनवर आणि व्हॉल्व्हच्या उपकरणांवर भारतीय वादकांची मुद्रणे केली, आणि विश्वमोहन भट्ट व राय कूडर यांच्या त्यांनी केलेल्या मुद्रणाला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळाले.

तबकडीच्या वजनाविषयी दोन शब्द. ‘१८० ग्रॅम’ असे कव्हरवर चिकटवलेले असते म्हणून ध्वनी चांगला असेल असे मानू नये. जाड तबकडी वाकण्याची शक्यता थोडी कमी असते, पण खाचेची खोली किंवा कापणाऱ्याचे कौशल्य वजनाने वाढत नाही. नव्या पुनर्मुद्रणाच्या कव्हरवर वजन मोठ्या अक्षरांत आणि मूळ टेप, कापणारा व कारखाना यांपैकी एकाचाही उल्लेख नसेल, तर ती तबकडी डिजिटल फाइलवरून कापली आहे असे धरून तिची किंमत ठरवावी. पैसे मर्यादित असतील तर जॅझसाठी ब्लू नोटची ‘क्लासिक व्हिनाइल’, वाद्यवृंदासाठी अरुंद पट्ट्याची जुनी डेक्का, आणि हिंदुस्थानी संगीतासाठी १९६० च्या दशकातील स्टिरिओ एचएमव्हीची निवडून घेतलेली प्रत, या क्रमाने जावे.

एचएमव्हीचा तो संग्रह आज सारेगामाकडे आहे. भारतात तबकड्यांची मागणी पुन्हा वाढत असताना या संग्रहातील किमान काही अभिजात मुद्रणांसाठी मूळ टेप बाहेर काढाव्यात, त्या एखाद्या नामवंत कटिंग इंजिनिअरकडे सोपवाव्यात, एका रागाला दोन बाजू देऊन त्या ४५ च्या गतीने कापाव्यात, आणि कव्हरवर मुद्रणाचे वर्ष, स्टुडिओ, कापणाऱ्याचे नाव व कारखाना हे सर्व छापावे. तशी भूप-बागेश्री निघाली तर तिची टोन पोएटइतकी किंमत द्यायला माझ्यासारखे पुष्कळ जण तयार आहेत.